निळ्या चौकड्यांच्या गाद्या

तपासणी या शब्दाची मला चीड आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणी म्हणायला नको की बाई फार कडवट लिहितात. कडवटच लिहिणार आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात मुलींच्या एका सरकारी वसतिगृहात गृहपाल आहे. गृहपाल म्हणजे मुलींच्या पोळीभाजीपासून तापाखोकल्यापर्यंत सगळ्याला जबाबदार असलेली बाई. गावाचं नाव लिहीत नाही, माणसाचंही कोणाचं लिहीत नाही. एक नाव लिहिलं की सगळी बोंब त्या एकाच माणसाच्या नावाने होते आणि बाकीचे हात झटकून मोकळे होतात, हे मी पुरेसं पाहिलं आहे.

चूक माझ्यापासून सुरू झाली, तेव्हा तीच आधी.

मला इथे रुजू होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. वरच्या ऑफिसातले मोठे बाबू जीप घेऊन आले. खरेदीचं टेबल त्यांच्याकडे. चहा झाला, जिल्ह्यातल्या बदल्यांच्या गप्पा झाल्या, आणि मग त्यांनी एक चलान माझ्यापुढे सरकवलं. पंच्याहत्तर गाद्या मिळाल्या, चांगल्या स्थितीत मिळाल्या, असं त्यावर टाइप केलेलं होतं. मी विचारलं, "गाद्या कुठे आहेत?"

"येऊन राह्यल्या मॅडम. गाडी निघाली तिकून. पण आज सही नाही झाली तं मार्चच्या आत काम होत नाही, अन् मंग पोरींच्या गाद्या लटकतात. बिचाऱ्या पोरींनी काय घोडं मारलं?"

मी सही केली. जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे पलंग, कपाटं, भांडी यांच्या रजिस्टरात, माझ्याच अक्षरात पंच्याहत्तर गाद्या चढवल्या. माझे वडील यवतमाळला लेखापरीक्षणात नोकरीला होते. दौऱ्यावर जाताना घरचा डबा न्यायचे, आणि ज्यांचं दप्तर तपासायचं त्यांच्या ऑफिसात चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आईला याचा भारी राग यायचा, कारण पहाटे उठून डबा तिलाच करावा लागे. त्या घरात वाढलेली मी, आणि न पाहिलेल्या मालावर सही करायला मला अर्धा कप चहा संपेपर्यंतचा वेळ पुरला. मला फसवलं असं म्हणायची सोय नाही. मला सगळं कळत होतं. नव्या जागी येताच वाईटपणा कोण घेणार, एवढाच माझा विचार होता.

गाडी आली नाही. मी फोन केले. आधी पुलावरून पाणी गेलं म्हणून अडकली होती. मग पुरवठादाराच्या घरी कोणी आजारी पडलं. मग बाबूंनी फोन उचलणं बंद केलं, आणि एकदा उचलला तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुमच्या रजिस्टरात तं गाद्या आहेत नं? मंग कायच्या गाद्या मागता?" मी फोन ठेवला. खरंच की, माझ्या रजिस्टरात गाद्या होत्या.

वसतिगृहातले पलंग लोखंडी पट्ट्यांचे. मुली त्यावर किराणा दुकानातून आणलेले पुठ्ठ्याचे खोके उलगडून घालत, वर सतरंजी, वर घरून आणलेली गोधडी. दिवाळीनंतर आमच्याकडे थंडी चांगलीच पडते आणि लोखंड खालून गार लागतं. अकरावीतली एक मुलगी एकदा सर्दीची गोळी मागायला सकाळी माझ्या टेबलापाशी आली. उमरखेडच्याही पलीकडच्या एका तांड्यावरची. आईला ती याडी म्हणायची, आणि आईचा फोन आला की गोरबोलीत इतकं भरभर बोलायची की मला अवाक्षर कळायचं नाही. एरवी मोजकं बोलणारी. तिने टेबलावर हात ठेवला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत तीन सरळ लाल रेघा दिसल्या.

"हे काय गं?"

"पट्ट्या उमटतात मॅडम. कॉलेजात जाईपर्यंत जातात."

तिने हे इतक्या सहज सांगितलं की मला तिचाच राग आला. माझं क्वार्टर वसतिगृहापासून वीस पावलांवर आहे. त्यात माझ्या घरची, चांगल्या पिंजलेल्या कापसाची गादी आहे, आणि मी त्या गादीवर तेव्हा जवळजवळ वर्षभर गाढ झोपत आले होते.

अशात तपासणीचं पत्र आलं. तपासणीचं पत्र आठ-दहा दिवस आधी येतं. पथक कोणत्या वारी कुठे येणार, किती वाजता येणार, जेवण कुठे, मुक्काम कुठे, पुढे कोणत्या वसतिगृहाला जाणार, सगळं त्यात लिहिलेलं असतं. चोराला पोलिसांनी आधी टपालाने कळवावं की अमुक वाजता येतो, तयारीत राहा, त्यातली ही गत. आणि सगळं खातं या पत्राला शिस्त म्हणतं.

मग तयारी. झाडांच्या बुंध्यांना चुना लागला. न्हाणीघराचे नळ, जे सहा महिने सांगून दुरुस्त झाले नव्हते, ते एका दुपारी दुरुस्त झाले. भांडारातून नव्या बादल्या निघाल्या, ज्या आहेत हेच मला माहीत नव्हतं. फळ्यावर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता रंगीत खडूंनी लिहिला गेला आणि त्यात बुधवारी पनीर होतं. मुलींना सभागृहात बसवून उत्तरं शिकवली. जेवण कसं असतं? चांगलं असतं मॅडम. काही अडचण आहे? नाही मॅडम. ही उत्तरं मी शिकवली. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात ते घालत नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाबूंचा फोन आला, आपण होऊन. "मॅडम, दुपारी गाद्या येऊन राह्यल्या. पंच्याहत्तर मोजून घ्या, अन् परवा पंच्याहत्तर मोजून वापस द्या. चादरी नीट टाकायला लावा."

"वापस म्हणजे?"

"वापस म्हणजे वापस. पुढच्या हॉस्टेलले पोचवा लागते नं."

दुपारी टेम्पो आला. टेम्पोवाले चाचा आमच्याच गावचे, साठीला आलेले. वर्षानुवर्षं सरकारी सामान वाहून त्यांच्या गाडीला ऑफिसांची फाटकं पाठ झाली होती. त्यांनी ताडपत्री सोडली. आत निळ्या चौकड्यांच्या गाद्या, एकीवर एक. मी विचारलं, "चाचा, या आणल्या कुठून?"

"असली घर यांचं पलीकडच्या तालुक्यात आहे मॅडम. तिथल्या पोरींच्या आहेत. तपासणी लागली की तिथून उचलतो, सगळ्या हॉस्टेलले फिरवतो, अन् शेवटी तिथंच नेऊन टाकतो. या गाद्यांनी माझ्यापेक्षा जादा जिल्हा पाह्यला."

"आणि तोवर तिथल्या मुली?"

चाचांनी ताडपत्रीची दोरी हाताला गुंडाळत माझ्याकडे पाहिलं. "अब मैं क्या बोलू? तुमी साहेब लोक हाव."

मुलींना यातलं काही ठाऊक नव्हतं. गाद्या आल्या म्हणताच त्या धावत आल्या आणि दोघी-दोघींनी उचलून खोल्यांत नेल्या. व्हरांड्यातून हसण्याचा आवाज येत होता. एकीने गादीवर उडी मारून दुसरीचा ओरडा खाल्ला. मी ऑफिसात बसून कागद वरखाली करत होते. या गाद्या परवा परत जाणार आहेत हे त्यांना कधी सांगावं, हेच मला ठरवता येईना. थोड्या वेळाने आवाज एकाएकी बंद झाला. मी उठून गेले.

तांड्यावरच्या त्या मुलीने चादर नीट बसावी म्हणून गादी उलटी केली होती. खालच्या बाजूला, एका कोपऱ्यात, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं होतं: "ही गादी माझी आहे. कोणी नेऊ नका."

अक्षर गोल, शाळकरी. पेन कापडावर नीट चालत नाही म्हणून प्रत्येक अक्षर दोन-तीनदा गिरवलेलं. पाच-सहा मुली भोवती उभ्या राहून ते वाचत होत्या.

"मॅडम, हे कोणाची आहे?" तिने विचारलं.

मग मला सांगावं लागलं. कुठून आल्या, कशाला आल्या, कधी जाणार. सांगताना मी ऑफिसच्या भाषेत सांगितलं, तात्पुरत्या स्वरूपात उपलब्ध वगैरे. त्या ऐकून घेत होत्या. मी म्हटलं, "दोन रात्री तरी झोपा गं नीट." आणि निघून आले.

सकाळी सहाला खोल्या पाहायला गेले. पथक अकराला येणार होतं. पाहते तर सगळ्या गाद्या भिंतीशी उभ्या लावून ठेवलेल्या आणि मुली नेहमीसारख्या पुठ्ठ्यांवर. एका खोलीत नाही, सगळ्या खोल्यांत. मी भडकले. "काहून गं? मिळाल्या तर झोपायला काय झालं होतं?"

तांड्यावरची मुलगी उठून बसली. "तिकडच्या पोरी पट्ट्यांवर झोपल्या असतीन नं मॅडम. आमाले त्यावर झोपच नाही आली."

पंच्याहत्तर मुलींनी एका रात्रीत जे ठरवलं ते आमच्या अख्ख्या खात्याला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "बरं, आता गाद्या पलंगावर टाका, चादरी घाला, अकराला पथक येईल." एवढंच म्हटलं.

पथक साडेअकराला आलं. चार माणसं, आणि प्रमुख एक बाई अधिकारी, पन्नाशीच्या, डोळ्यांना जाड चष्मा, सुती साडी. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली, रजिस्टरं चाळली. खोलीत आल्यावर एका गादीवर दोन बोटं दाबली. चौकड्यांकडे क्षणभर जास्त पाहिलं, असं मला नंतर आठवलं. मुलींना विचारलं, "गाद्या मिळाल्या?"

"हो मॅडम," सगळ्या एका सुरात.

मग माझ्याकडे वळून, "सगळ्यांना?"

तांड्यावरची मुलगी पुढच्याच ओळीत उभी होती. ती अधिकाऱ्यांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. माझ्या मागे मोठे बाबू उभे. मी म्हटलं, "हो मॅडम, सगळ्यांना."

पुढे जेवण. तपासणीतला सर्वांत लांबलचक भाग हाच. विश्रामगृहावर मटण, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, शाकाहारी लोकांना भरली वांगी. ज्यांची झडती घ्यायची त्यांच्याच ताटात जेवायचं, हे कोणाला खटकत नाही. मला वडिलांचा डबा आठवला, आणि त्यांच्या मुलीच्या देखरेखीखाली ही वांगी भरली गेली आहेत हेही. त्या अधिकारी बाई त्यातलं काही जेवल्या नाहीत, नुसता दहीभात घेतला. जेवणानंतर भेट नोंदवहीत शेरा पडला: स्वच्छता उत्तम. मुलींशी संवाद साधला. गाद्या, चादरी इत्यादी साहित्य समाधानकारक. खाली सही, शिक्का.

समाधान कोणाचं, हे विचारायची सोय त्या शब्दात नसते. असे शेरे मी आमच्या जुन्या नोंदवह्यांत मागच्या वीस वर्षांचे वाचले आहेत. इमारत गळत होती तेव्हाही समाधानकारक, विहिरीत अळ्या झाल्या होत्या तेव्हाही समाधानकारक. भ्रष्टाचार खाणाऱ्यांमुळे चालतो असं लोक म्हणतात. मला वाटतं तो या शब्दामुळे जास्त चालतो. खाणारा तर चोरून खातो, पण हा शब्द राजरोस शिक्क्यासकट लिहिला जातो, आणि एकदा लिहिला की खाल्लेलं पचतं.

गाद्या दुसऱ्या दिवशी जायच्या होत्या, पण पुढच्या वसतिगृहाची वेळ एक दिवस अलीकडे आली म्हणून टेम्पो त्याच दुपारी आला. हमाल आणले नव्हते. मुलींनीच गाद्या बाहेर काढल्या. ती अक्षरं असलेली गादी तांड्यावरच्या मुलीने चाचांना सगळ्यात वर ठेवायला लावली, दाबून फाटू नये म्हणून. टेम्पो गेला. बाकीच्या आत गेल्या, ती तिथेच उभी राहिली.

"मॅडम, तुमी हो काहून म्हटलं?"

"तुम्हीही म्हटलंच की."

"आमाले तं तुमीच शिकवलतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तिला उलट दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. मी क्वार्टरवर गेले. संध्याकाळचा चहा ठेवला आणि तो उतू गेला तरी तशीच उभी होते. नोकरी, पेन्शन, बदली, चौकशी, सगळं डोक्यात येऊन गेलं. मग कागद घेतला आणि एका पानात लिहून काढलं: गाद्या कधीही आल्या नाहीत, नोंदवहीतली सही माझी आहे आणि ती खोटी नोंद आहे, काल आलेल्या गाद्या दुसऱ्या वसतिगृहाच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी विश्रामगृहावर गेले. त्या बाई बाहेर खुर्चीत बसून चहा पीत होत्या. मी कागद हातात दिला. त्यांनी शांतपणे वाचला, घडी घातली, चष्मा काढून पुसला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय माहीत होतं?"

"निळ्या चौकड्यांच्या गाद्या. या दौऱ्यात मी त्या चौथ्यांदा पाहिल्या. तोच टेम्पोही दोनदा पाहिला."

माझा तोल गेला. सरकारी अधिकाऱ्याशी मी आयुष्यात तसं बोलले नव्हते. "माहीत होतं, आणि समाधानकारक लिहिलंत? मुली पट्ट्यांवर झोपतात, मॅडम. हातावर वळ घेऊन कॉलेजात जातात. दहीभात खाऊन तुमचं समाधान झालं असेल, त्यांचं कसं झालं?"

त्या चिडल्या नाहीत. "नोंदवहीत तुमची सही होती. मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही हो म्हणालात. मुलींना विचारलं, त्या हो म्हणाल्या. मी नाही कशाच्या आधारावर लिहू? मागच्या दोन ठिकाणीही असंच झालं. तिथल्या गृहपाल माझ्याकडे आल्या नाहीत. तुम्ही आलात." मग घड्याळ पाहून म्हणाल्या, "बसा. सविस्तर लिहून द्या."

मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटत नाही. ज्याला दिसतं त्याने बोलावं, दुसऱ्याच्या कागदाची वाट का पाहावी? पण माझ्याकडे बोट दाखवायला त्यांना जागा होती, आणि ती मीच करून दिली होती. मी बसून दोन पानं लिहून दिली.

त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली, ती मी त्यांच्या खात्यावर नक्की जमा धरते. पत्रात लिहिल्याप्रमाणे पुढच्या वसतिगृहाला न जाता गाडी उलटी फिरवली आणि पलीकडच्या तालुक्यात गेल्या, जिथली तपासणी आधीच होऊन गेली होती. तपासणी झालेल्या ठिकाणी पुन्हा कोण येणार, म्हणून तिथे सगळे निवांत. बाईंना पंच्याहत्तर उघडे पलंग दिसले, जिथे थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः गाद्या पाहिल्या होत्या. ही हकीकत मला नंतर चाचांनी सांगितली. "न सांगता आली मॅडम बाई," ते म्हणाले, "अन् कोणाले पळाले जागा नाही भेटली." चाचांनी स्वतःचाही जबाब दिला, न मागता. गाडीच्या फेऱ्यांची वही त्यांनी नेऊन दिली.

मग चौकशी लागली. पहिली नोटीस कोणाला आली? मला. खोटी नोंद घेतल्याबद्दल खुलासा सादर करावा. दिला. माझी एक वेतनवाढ थांबवली, ते योग्यच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार याची आहे की मोठ्या बाबूंचं फक्त टेबल बदललं. आधी दाराजवळ बसायचे, आता खिडकीपाशी बसतात. हवा येते.

वर्ष फिरून पुन्हा थंडी आली. तांड्यावरची मुलगी बारावीत गेली होती. एका दुपारी बाबू स्वतः टेम्पोबरोबर आले, दुसऱ्याच कोणाच्या. "घ्या मॅडम, तुमच्या गाद्या. लई बदनामी केली आमची, पण आम्ही मनात नाही ठेवत." हिरव्या रेक्झिनच्या कोऱ्या करकरीत गाद्या होत्या. मी म्हटलं, एक-एक उलटून पाहिल्याशिवाय सही होणार नाही. ते हसून झाडाखाली बसले. मुलींनी अंगणात गाद्या मांडल्या. मी उलटून पाहत गेले. सगळ्या कोऱ्या. मला जरा ओशाळल्यासारखंही झालं.

तांड्यावरची मुलगी एका गादीपाशी गुडघ्यावर बसली होती. "मॅडम, हिले तेलाचा वास येते. डोक्याच्या."

शिवणाच्या वर्गातली कात्री आणली. शिवण उसवली. रेक्झिनच्या आत निळ्या चौकड्या होत्या. दुसरी उसवली, त्यातही. पाचव्या की सहाव्या गादीत, कोपऱ्यात, ते गिरवलेलं अक्षर निघालं. ही गादी माझी आहे. कोणी नेऊ नका.

बाबू उठून जवळ आले. "सगळ्या नाहीत तशा, मॅडम. पंधरा-वीस असतीन. बाकी नव्या आहेत. अन् मी म्हणतो, खोळ तं नवी आहे? थंडीचे दिवस. सही करून टाका. पोरींचे हाल काहून करता?"

तेच वाक्य, थोडं बदललेलं. मुलींचं नाव पुढे करून मुलींचंच काढून घ्यायचं. आणि खरं सांगते, मी डगमगले. अंगणात पंच्याहत्तर गाद्या होत्या, समोर मुली होत्या, दोन महिन्यांची थंडी बाकी होती. सही केली नाही तर या पुन्हा लोखंडावर, आणि ते माझ्यामुळे. मी मुलींकडे पाहिलं.

तांड्यावरची मुलगी म्हणाली, "आमाले सवय आहे मॅडम. तुमी सही नका करू."

सतरा वर्षांच्या पोरीला लोखंडाची सवय असावी आणि माझ्यासारख्या पन्नाशीतल्या बाईला सहीची, याची मला शरम वाटली. जडवस्तू नोंदवही आणली. जुन्या नोंदीखाली लिहिलं: वरील नोंद खोटी असून आजपर्यंत एकही गादी मिळालेली नाही, आज आणलेल्या गाद्यांत जुन्या गाद्या भरलेल्या आढळल्या. साक्षीदार म्हणून मुलींना सह्या करायला सांगितलं. त्या रांगेत उभ्या राहिल्या. पान पुरलं नाही, दोन पानं लागली. बाबू म्हणाले, सरकारी रजिस्टरात पोरींच्या सह्या चालत नाहीत. मी रजिस्टर मिटून काखेत धरलं आणि त्या चष्म्याच्या बाईंना फोन लावला.

त्या दुसऱ्याच दिवशी आल्या, पत्र न पाठवता, एसटीने. मला त्यांनी चहाही टाकू दिला नाही. गाद्या स्वतः उसवून पाहिल्या, पंचनामा केला, रजिस्टरच्या त्या दोन पानांवर स्वतःची सही केली.

आमच्या गाद्या मार्चमध्ये आल्या, खऱ्या. तोवर ऊन तापू लागलं होतं. त्या मुलीच्या वाट्याला गादी आली ती बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत. अकरा रात्री ती गादीवर झोपली आणि मग बाडबिस्तरा बांधून तांड्यावर गेली. जाताना मला म्हणाली, "मॅडम, ती तिकडची गादी तिले भेटली का?"

मी चौकशी केली. ती गादी भेटली नाही. ती पुरावा आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत पुरावा हलवता येत नाही, आणि चौकशी अजून चालू आहे. उसवलेल्या त्या गाद्या वरच्या ऑफिसच्या एका बंद खोलीत लाखेचं सील लावून ठेवल्या आहेत. सुनावणीला गेले की मी त्या खोलीच्या खिडकीतून डोकावते. धूळ बसली आहे, एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलं आहे. जिची गादी होती ती मुलगी बहुतेक अजून पट्ट्यांवर झोपते, नाहीतर शिकून निघूनही गेली असेल. मागच्या सुनावणीत मी पंचनाम्याची नक्कल मागून घेतली. तिने लिहिलेली दोन वाक्यं त्यात कुठेच नाहीत. तिथे लिहिलं आहे: जुनी वापरलेली गादी, नग एक.